रेडिएटरचा थंड कोपरा

तापलेल्या लोखंडावर उकळतं पाणी सांडलं की एक वास उठतो. आधी गंजाचा, मग जळक्या रबराचा, आणि त्या दोहोंच्या मागे, नाक क्षणभर थांबवलं तरच सापडणारा, उन्हाळ्यातल्या मिठागराचा. तो मला पहिल्यांदा आला तेव्हा मी आमच्या टेम्पोत, मांडीवर पाण्याचा डबा धरून बसले होते. सोपाऱ्याच्या रस्त्याला टेम्पो थांबला होता आणि पुढच्या जाळीतून वाफ फुसफुसत होती. मागे केळीचे घड, अळूच्या जुड्या, ओल्या गोणपाटाखाली विड्याची पानं. पुढे ही वाफ. "दादा, मिठागरासारखा वास येतोय," मी म्हणाले. माझा मोठा भाऊ मोहन हातावर फडकं गुंडाळून जाळीपाशी उभा होता. वर न पाहताच तो म्हणाला, "हे तुझ्या कवितेच्या वहीत लिही. घरी बोलू नकोस. बाबा म्हणतील, कॉलेजात घातली आणि पोरगी वाया गेली." मी हसले. त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते, मराठी घेऊन शिकत होते आणि जगातल्या प्रत्येक वासाला उपमा शोधणं हे आपलंच काम आहे अशी माझी समजूत होती. दादाच्या बोलण्यात थट्टेखेरीज आणखी काही असेल, हे माझ्या मनाला शिवलंही नाही.

आमचं घर सांडोरला, वाडीच्या पोटात. दारातून बाहेर पाहिलं की आकाश दिसत नसे, केळीची पानं दिसत. आणि वारा सुटला की ती पानं एकमेकांवर घासून असा आवाज करीत, की आजोळहून येणारी मावसभावंडं दचकून विचारीत, बाहेर कोण बोलतंय? वाडीत राजेळी केळी होती, पानवेली होत्या, बांधाच्या कडेनं अबोली आणि सोनचाफा. पौष-माघात आई राजेळीची सुकेळी करी. पिकलेली केळी सोलून कारवीच्या मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी दवाच्या आत उचलायची, पुन्हा सकाळी पसरायची. सातआठ दिवसांनी ती मधाच्या रंगाची होत आणि घरभर एक जड, आंबूस गोडवा साचून राही. उशीच्या अभ्र्यालासुद्धा तो वास लागे. सुकेळी केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळून बांधताना आईच्या बोटांचा जो करकर आवाज होई, तो मला आजही कधीकधी सुक्या पानांवरून चालताना ऐकू येतो आणि मी उगाच मागे वळून पाहते.

टेम्पो जुना होता. आमच्याकडे आला तेव्हाच त्याचं तारुण्य कुणीतरी दुसऱ्याने वापरून झालेलं होतं. त्याचं इंजिन दोन बाकांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली असे. आई न्याहारीची तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी फडक्यात बांधून त्या पेटीवर ठेवून देई; बाजार येईपर्यंत ती ऊन राही. मागच्या फळीवर रंगाऱ्यानं काढलेला केळीचा घड होता. तो मक्याच्या कणसासारखा दिसे आणि बाजारातली माणसं "कणीसवाले आले" म्हणत. दादा तो टेम्पो चालवी. इंजिनात पाणी कमी झालं की माझ्या मांडीवरचा डबा रिकामा करायचा आणि घरी आल्यावर विहिरीवरून पुन्हा भरून ठेवायचा, हे माझं काम. कॉलेजात माझ्या मैत्रिणी मला हसत. मला मात्र पहाटेच्या धुक्यात त्या उबदार पेटीला पाय टेकवून, दादाच्या शीळ घालण्याकडे कान देऊन बसणं राजवैभवाचं वाटे.

विहीर घराच्या मागे होती, घडीव दगडाची. आमच्याकडे विहिरीला कुणी नाव ठेवीत नसे. बाळंतीण बाराव्या दिवशी तिच्या काठाशी हळदकुंकू वाही. आम्हा दोघांनाही देवापुढे ठेवण्याआधी आईनं विहिरीला दाखवलं होतं. बाबा रोज सकाळी पहिली बादली स्वतः शेंदीत, एक ओंजळ पीत आणि मगच चहाला बसत. कुणाच्या विहिरीविषयी वाईट बोलणं म्हणजे त्याच्या घरात मर्तिक झाल्याची बातमी आणणं. शेजाऱ्याच्या पोराला वाईट म्हणता येई, बैलाला म्हणता येई, विहिरीला नाही.

आणि त्या वर्षी घरात डाळ शिजेना. आई चूल फुंकून फुंकून लाल होई, आणि डाळीचे दाणे टणक ते टणकच. बाबा म्हणत, वाण्यानं जुनी डाळ खपवली. साबणाला फेस येईना. बाबा म्हणत, साबणात भेसळ. राजेळीच्या पानांच्या कडा करपून तपकिरी होऊ लागल्या, जणू कुणी प्रत्येक पान उदबत्तीवर धरलं होतं. बाबा म्हणत, यंदा खारा वारा फार. पलीकडच्या दोन वाड्यांतल्या विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले होते. स्टेशनच्या बाजूला उठणाऱ्या इमारतींना पाणी लागे, आणि उजाडल्यापासून तिकडच्या पंपांची घरघर आमच्या पानांच्या सळसळीत मिसळे. टँकर कुंपणाजवळून जाताना निरगुडीवर पाणी सांडत जात. आज मी चंदनसारला, चौथ्या मजल्यावर राहते. चैत्र लागला की आमच्या इमारतीच्या आवारातही टँकर येतो, नळाला धार लागते आणि मी माझी भांडी भरून घेते. कुणाच्या वाडीतलं पाणी, असं मी चालकाला कधी विचारलेलं नाही. विचारायचं धैर्य मला झालेलं नाही.

आई मात्र काही बोलत नसे. ती मला हळूच सांगे, "बाय, चहापुरतं नि डाळीपुरतं नळाचं आण. मागच्या दारानं ये." कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून मी कळशी आणी, आई ते पाणी विहिरीच्या हंड्यात ओती. बाबा चहाचा पहिला घोट घेऊन म्हणत, "आपल्या विहिरीचा चहाच वेगळा." आई पाठमोरी राहून चुलीत लाकूड सारी. मी हे सगळं पाहत होते आणि तरीही मला ठाऊक होतं असं म्हणता येणार नाही. घरातल्या काही गोष्टी माणूस डोळ्यांनी पाहतो आणि मनापर्यंत जाऊ देत नाही.

एका आठवड्यात टेम्पो तीनदा उकळला, तेव्हा बाबा स्वतः उठले. "चल पावलूकडे. बघू तरी तुझ्या चालवण्यानं काय काय वितळलंय," ते दादाला म्हणाले. पावलू मिस्त्री गासचे. बाबांच्या शाळेतले सोबती. भातखाचरांच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेडमागे घर. त्यांच्या बोलण्यात 'ण' नव्हता. बाबा म्हणत, याचा 'ण' शाळेच्या पाटीवरच पुसला गेला. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन धापा टाकत होतं.

"काय रे वाडीवाल्या, लेकराला ताप हाय वाटतं?" पावलूकाका हसले.

"गाडीला काही नाय. चालवणाऱ्याच्या डोक्याला ताप हाय," बाबा म्हणाले.

दादानं रेडिएटरच्या टोपणाला हात घातला तसा पावलूकाकांनी त्याचं मनगट धरलं. "तापलेल्याचं टोपन उघडू नये. गाडी असो की तुझा बाप. बस आधी."

मग आम्ही थांबलो. त्यांच्या बायकोनं, मारीकाकूनं, चहा आणि गरम पाव आणून दिला. चिंचेच्या सावलीत पाव बुडवून खाताना इंजिन निवण्याचा आवाज येत होता, टिक, टिक, लांबून कुणी करंगळीचं नख वाजवावं तसा. पावलूकाका घाई करीत नसत. चहा संपल्यावर त्यांनी पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. तो ताठ होता. रबरी नळ्या पिळून पाहिल्या; त्या धड होत्या. टोपणाचं रबर गालाशी धरलं, वाकवलं, परत ठेवलं. मग इंजिनाच्या गळ्याशी असलेली एक छोटी पितळी झडप काढली. पाणी तापलं की ती आपोआप उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे, निवायला, जाऊ देते. ती अडकली आहे का हे पाहायला त्यांनी ती स्टोवरच्या टोपात सोडली.

"माझा पेजेचा टोप!" मारीकाकू आतून ओरडली. "देवा सायबा, आता ह्याच्या पेजेत ग्रीस घालते का नाय बघ!"

"गप बस गं, औषध हाय त्यात," काका म्हणाले, आणि आम्ही चौघं त्या टोपावर वाकलो. पाण्याला बुडबुडे आले, मग उकळी फुटली, आणि त्या पितळेनं हळूच, झोपेतून डोळा उघडावा तसा, आपला पडदा उघडला. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी टाळीच वाजवली. फक्त माझ्याच लक्षात आलं नव्हतं की एकेक भाग निर्दोष ठरत होता, तसा बाबांचा चेहरा मिटत चालला होता. यंत्रात दोष नाही म्हटल्यावर उरत होता तो दादाच.

पावलूकाकांनी झडप परत बसवली, पाणी भरलं, इंजिन चालू केलं आणि जाळीपाशी उभे राहून रेडिएटरवरून हात फिरवू लागले, आजारी माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. मग मला म्हणाले, "पोरी, तुझा हात दे." माझा तळवा त्यांनी जाळीपासून बोटभर अंतरावर धरला. वर आच होती, सहन होईना इतकी. तसाच हात खाली, उजव्या कोपऱ्याकडे नेला, आणि तिथे काही नव्हतं. गारवा. धगधगत्या छातीत कुठेतरी एक न पेटलेली जागा. "जिथं थंड, तिथं पानी फिरत नाय," ते म्हणाले. "नळ्या बुजल्यात. अर्ध्यानं श्वास घेतोय बिचारा."

इंजिन बंद करून, निववून, त्यांनी रेडिएटर उतरवला आणि खालचं तोंड मोकळं केलं. तांबूस पाणी आलं, आणि त्यामागून पांढऱ्या खपल्या. सुक्या बोंबलाच्या अंगावर येते तशी ती पांढरी भुकटी होती. काकांनी बोटावर एक खपली घेतली आणि, मी पाहिलं, जिभेला लावली. त्यांची नजर बाबांकडे गेली. बाबा सरळ उभे होते, हात मागे बांधून, जसे ते विहिरीच्या काठाशी उभे राहत. मग काकांनी बोट लेंग्याला पुसलं आणि म्हणाले, "कचरा हाय."

"कचरा?" बाबांनी विचारलं. "कुठून आला कचरा?"

"येतो कुठून तरी. गाडी जुनी."

बाबा दादाकडे वळले. "वाटेत डबक्यातलं भरत असशील. विहिरीवरनं डबा भरून देतो आम्ही, तो संपला की उतरून दुसरीकडे नळ शोधायचा कंटाळा! म्हशीच्या डबक्यातलं पाणी घातलंस माझ्या गाडीत?"

दादाच्या हातात फडकं होतं. त्यानं त्याची घडी घातली, मग घडीची घडी, आणि ते इंजिनाच्या पेटीवर ठेवलं. मला वाटलं, त्याला राग आलाय. पावलूकाका खाली पडलेल्या खपल्या पायानं बाजूला सारू लागले. त्यांनी मित्राला वाचवायला एक शब्द वापरला होता, आणि तो शब्द मित्राच्या मुलावर जाऊन पडला होता. आता परत उचलायचा तर त्याखालचं सगळंच उघडं पडणार होतं. बाबा बाहेर गेले तशी मीही एक खपली उचलून जिभेवर ठेवली. मिठागर. वहीत लिहायची उपमा नव्हती ती. आमच्या विहिरीत समुद्र आला होता.

हात धुताना पावलूकाका माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाले, "नळाचं पानी घाला ह्यापुढं. तुझ्या बापाला मी नाय सांगनार, पोरी. इंजिनाचं मी कुनालाबी सांगतो. पन विहिरीचं सांगायचं ते घरच्यानं." आणि त्यांनी माझ्या हातावर आणखी एक तांब्या ओतला, जणू त्या पाण्याबरोबर ते काम माझ्या ओंजळीत घालत होते.

घरची म्हणजे मी. आईकडून होणार नव्हतं, ते मला दिसत होतं. दादाकडे एका कारखान्याचं पत्र आलेलं होतं, बोईसरच्या बाजूचं. ते त्यानं कित्येक दिवस पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं होतं आणि कारखान्याला उत्तर पाठवलं नव्हतं, कारण वाडी त्यानंच पाहायची असं घरात धरून चाललेलं होतं. गासहून आल्यावर बाबांचं बोलणं थांबेना. जेवताना वालाचं बिरडं वाढलं की "ह्याला डबक्यातलं वाढ, ह्याला तेच मानवतं." पान तोडायला गडी आले की "माझा ड्रायव्हर म्हशींबरोबर पाणी भरतो." तिसऱ्या दिवशी दुपारी दादा ताटावरून उठता उठता म्हणाला, "मी सोमवारी जातो. नोकरी घेतो."

"जा की," बाबा म्हणाले. "इथे कुठे दिवे लावलेस!"

सोमवारला चार दिवस होते. चार दिवसांत माणूस चार शब्द बोलू शकतो. मी पहिल्यांदा प्रयत्न केला तो विहिरीवर. बाबा बादली शेंदत होते. मी म्हणाले, "बाबा, पाणी..." ते म्हणाले, "काय पाणी? बघ, तळ दिसतोय. आरसा हाय आरसा." त्यांनी माझ्या तोंडावर शिपका मारला, लहानपणी मारीत तसा, आणि हसले. ओठांवर आलेला तो थेंब मी गिळून टाकला. चव अगदी थोडी होती, अश्रूइतकी. दुसऱ्यांदा, मांडवावर सुकेळी उलटताना, मी आईला विचारलं, "सांगू का गं बाबांना?" काय, हे तिनं विचारलं नाही. एक केळ उलटायचं राहिलं होतं ते तिनं उलटलं आणि म्हणाली, "पाणी गेलं असं ऐकल्यावर तो माणूस सकाळी उठेल कशाला?" तिसऱ्यांदा मी सगळी वाक्यं वहीत लिहून काढली. ती फार चांगली झाली होती. मी ती वाचून दाखवली नाहीत.

आता बाबा नाहीत, आई नाही, आणि गेल्या पावसाळ्यापासून दादाही नाही. म्हणून हे लिहिते. दादा पुढे सणावारी येई, पाहुण्यासारखा, पिशवीतून बिस्किटांचे पुडे घेऊन. बाबा त्याला खुर्ची देत. पानवेली आधी गेल्या, मग राजेळी. तोंडानं बाबांनी विहिरीला शेवटपर्यंत नाव ठेवलं नाही. टेम्पो नळाच्या पाण्यावर चालला तितका चालला. रेडिएटरच्या नळ्यांतल्या जेवढ्या मोकळ्या झाल्या होत्या, तेवढ्यांवर. मी पुष्कळ वर्षं असं मानलं, की मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर माझा भाऊ घरात राहिला असता. अजूनही काही सकाळी मी तसंच मानते.

तो सोमवार. बाबा ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होते. दगडावरून पातं फिरण्याचा आवाज थांबत नव्हता. आईनं सोपटात बांधलेली सुकेळी दादाच्या पिशवीत घातली आणि काढून पुन्हा नीट घातली. दादा वाकून बाबांच्या पाया पडला. कोयता थांबला. मला वाटलं, आता ते काही चांगलं बोलतील, आणि त्यांच्या ओठांवर तसं काही आलंही होतं. पण ते म्हणाले, "नीट राहा. आणि तिथल्या यंत्रात तरी डबक्यातलं पाणी घालू नकोस."

दादा मान खाली घालून पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर त्यानं चप्पल पायात सरकवली, आणि त्या चपलेच्या आवाजानं माझ्यातलं काहीतरी सुटलं. "बाबा, दादानं कधी डबक्यातलं पाणी घातलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. "तो कचरा नव्हता. बाबा, ते आपल्या..."

बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असेल असं मी धरून चालले होते. तिथे भीती होती. मी त्यांना कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. दादा वळला. चपलेसकट दोन पायऱ्या चढून वर आला आणि बाबांच्या आणि माझ्यामध्ये असा उभा राहिला, की आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसेनात. त्याच्या तोंडावर आश्चर्याची रेषाही नव्हती. माझं वाक्य कुठे जाऊन पोचणार हे त्याला माझ्याआधी, फार आधी, ठाऊक होतं. बाबांनी ते ऐकण्यापेक्षा आपण आळशी ठरून जावं, हेही त्यानं केव्हाच ठरवलेलं होतं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थंड होता. आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या, अगदी मायेच्या आवाजात तो म्हणाला,

"गप."